हेराला मालक असतो का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, मलकापूर म्हणजे पुणे-बंगळूर महामार्गाला चिकटलेले कराडशेजारचे गाव. इथे चहाच्या टपरीवर जगातली कुठलीही बातमी अर्ध्या तासात पोहोचते. २०२५ च्या फेब्रुवारीत अशीच एक बातमी पोहोचली. जेम्स बाँडच्या चित्रपटांची सूत्रे ॲमेझॉन कंपनीकडे गेली. माझ्या पुतण्याने मला विचारले, "चाचा, दुकानदाराने बाँड विकत घेतला म्हणजे आता बाँडचं काय होणार?" प्रश्न पोरकट वाटला, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. कारण हा प्रश्न आपल्या कोल्हापूरच्या वेशीवर फार जुना आहे.

आधी बाँडची गोष्ट थोडक्यात सांगतो. 'डॉक्टर नो' हा या मालिकेतला पहिला चित्रपट १९६२ चा. अल्बर्ट ब्रोकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन या दोन निर्मात्यांनी हा कारखाना उभा केला. १९७५ मध्ये सॉल्ट्झमन यांनी आपला वाटा विकला, पण ब्रोकोली घराणे हटले नाही. २०२१ पर्यंत या कारखान्यातून पंचवीस चित्रपट निघाले. नट बदलले, दिग्दर्शक बदलले. पटकथा कशी असावी, बाँड कोणी व्हावे, हे ठरवणारे घर मात्र एकच राहिले. पैसा पुरवणाऱ्या एमजीएम स्टुडिओची मालकी सारखी हलत होती. १९९० च्या सुमारास त्या स्टुडिओच्या खरेदी-विक्रीचा असा गुंता झाला, की १९८९ नंतर थेट १९९५ पर्यंत बाँडचा चित्रपटच आला नाही. २०१० मध्ये तोच स्टुडिओ दिवाळखोरीत गेला आणि पुढचा चित्रपट २०१२ पर्यंत लांबला. पुढे ॲमेझॉनने सुमारे ८४५ कोटी डॉलरना एमजीएम घेतला. तो व्यवहार २०२२ मध्ये पुरा झाला. तरीही शेवटचा शब्द ब्रोकोली घराण्याचाच होता. २०२५ मध्ये तोही गेला. म्हणजे वाडा आधीच विकला होता, आता देवघराची किल्लीही दिली.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडेही एक हेर आहे. बहिर्जी नाईक. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचा प्रमुख म्हणून त्याचे नाव सभासदाच्या बखरीत येते. जालन्याच्या स्वारीहून परतताना शत्रूने वाट अडवली, तेव्हा याच बहिर्जीने आडवाटेने फौज पट्ट्याच्या किल्ल्यावर सुखरूप नेली, असे बखर सांगते. कागदावर त्याच्याबद्दल फार नाही. खरा हेर कागदावर कमीच सापडायचा. पण लोकांच्या तोंडी तो भरपूर आहे. कुठे वासुदेव होऊन आला, कुठे गोंधळी, कुठे फकीर. त्याची समाधी म्हणून दाखवतात ती जागा आपल्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर आहे.

या बहिर्जीवर भालजी पेंढारकरांनी १९४३ मध्ये 'बहिर्जी नाईक' नावाचाच चित्रपट केला. त्याआधी १९३९ मध्ये त्यांनी 'नेताजी पालकर' केला होता, १९४१ मध्ये 'थोरातांची कमळा'. पुढे 'छत्रपती शिवाजी', 'महाराणी येसूबाई', 'पावनखिंड', 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'गनिमी कावा' अशी रांग १९८१ पर्यंत चालली. चाळीस वर्षे एकाच काळाच्या, एकाच राजाच्या भोवती फिरणारे चित्रपट. याला मालिका नाही तर काय म्हणायचे? बाँडचा जन्म व्हायच्या आधीपासून आमच्याकडे हे चालले होते.

आणि या सगळ्या काळात स्टुडिओ मात्र हातोहात फिरत होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. १९२३ चा मूक 'सिंहगड' तिचा. १९२९ मध्ये तिथून व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि 'प्रभात' उभी राहिली. प्रभातने १९३० मध्ये शिवरायांवर 'स्वराज्याचे तोरण' काढला. इंग्रज सरकारला 'स्वराज्य' हा शब्द सोसवला नाही आणि चित्रपटाचे नाव 'उदयकाल' करावे लागले. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि त्याच वर्षी तिने 'सिंहगड' पुन्हा, या वेळी बोलका, काढला. कंपनी दुसरी, तानाजी तोच. कुणी कुणावर दावा ठोकला नाही. कोणत्या तोंडाने ठोकणार? तानाजी कुणाच्या सातबारावर होता?

जयप्रभा स्टुडिओची कहाणी याहून चटका लावणारी आहे. १९३० च्या दशकात राजाराम महाराजांच्या आश्रयाने 'कोल्हापूर सिनेटोन' सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या चित्रपटांत भालजींचा १९३४ चा 'आकाशवाणी' आहे. तेव्हा आपल्या या रेडिओला ते नावही मिळालेले नव्हते! पुढे स्टुडिओ भालजींकडे आला आणि 'जयप्रभा' झाला. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत तो पेटवला गेला. भालजी कर्जात बुडाले. तरी १९५२ मध्ये चंद्रकांत मांडरे यांना महाराजांच्या वेषात उभे करून त्यांनी 'छत्रपती शिवाजी' पुरा केला. अखेर १९५९ मध्ये स्टुडिओ लता मंगेशकरांनी घेतला.

आता इथे पुतण्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मालक बदलला, पण भालजींचे चित्रपट थांबले नाहीत. उलट १९६३ चा 'मोहित्यांची मंजुळा' आणि १९६४ चा 'मराठा तितुका मेळवावा' यांना संगीत देणारे 'आनंदघन' म्हणजे स्वतः लतादीदी. नव्या मालकिणीने जुन्या दिग्दर्शकासाठी, टोपणनावाने, चाली बांधल्या. विकत घेणाऱ्याला विकत घेतलेल्या वस्तूबद्दल माया असेल, तर मालकी बदलूनही घर मोडत नाही. बाँडच्या नव्या मालकांकडे पैसा आहे, यंत्रे आहेत. माया आहे का, ते पुढचे चित्रपट सांगतील.

उरलेले अर्धे उत्तर मात्र कडू आहे. बाँड हा करारपत्रातला माणूस आहे. त्याचे नाव, त्याचा क्रमांक, त्याची धून, सगळे कुणाच्या तरी दप्तरी नोंदलेले. म्हणून मालकांचे भांडण झाले की तो सहा-सहा वर्षे घरी बसतो. बहिर्जीचे तसे नाही. त्याला कुणी विकू शकत नाही, अडवू शकत नाही. भालजींचा 'पावनखिंड' १९५६ चा, आणि दिग्पाल लांजेकरांचा त्याच नावाचा चित्रपट २०२२ चा. लांजेकरांच्या 'फर्जंद'पासून सुरू झालेल्या मालिकेत बहिर्जीही येतो. बाजीप्रभू किंवा बहिर्जी यांना पडद्यावर आणायला कुठल्या कंपनीचा परवाना लागला नाही.

पण जे सर्वांचे असते, त्याला सांभाळणारा कोण? बाँडचा पहिला चित्रपट आजही स्वच्छ बघता येतो, कारण त्यातून पैसा मिळतो, म्हणून मालक तो जपतो. आमचा १९४३ चा 'बहिर्जी नाईक' मी पाहिलेला नाही. पाहिलेला माणूसही मला आजवर भेटलेला नाही. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. तिच्या आवारात पुढे, १९६० मध्ये, सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था आली, म्हणजे ते आवार तरी चांगल्या हाती पडले. पण त्याच आवारात २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्यांत प्रभातच्याही प्रती होत्या. आणि जयप्रभाची जागा विकल्याच्या बातमीवरून २०२२ मध्ये कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. जागेसाठी उतरले, ते योग्यच. पण ज्या चित्रपटांमुळे ती जागा मोठी झाली, त्यांच्या प्रती कुठे आहेत, कोणत्या स्थितीत आहेत, हे विचारायला तेवढी गर्दी होत नाही.

माझ्या लहानपणी जत्रेच्या तंबूत आम्ही 'गनिमी कावा' पाहिला. परत येताना अब्बा मला बहिर्जीच्या गोष्टी सांगत होते. फकिराच्या वेषात तो गावोगाव कसा फिरला, ते ऐकून मी विचारले, "अब्बा, आपल्या गावातही आला असेल का?" ते म्हणाले, "फकीर होऊन आला असेल तर आपल्याच दारात आला असेल की. भाकरी घातली असेल कुणीतरी." त्या रात्रीपासून बहिर्जी माझ्या घरचा झाला. कुठल्याही स्टुडिओने तो मला विकला नव्हता.

पुतण्याला मी शेवटी एवढेच सांगितले: बाँड विकला गेला तरी मरणार नाही. उशीर होईल, स्वभाव बदलेल, कदाचित दर सहा महिन्यांनी दिसू लागेल आणि त्याची किंमत उतरेल. त्याची काळजी करायला मालक आहे. बहिर्जीला मालक नाही, म्हणून त्याची काळजी आपल्याला आहे. एखाद्या रविवारी विट्याच्या वाटेने बाणूरगडावर जाऊ, असे आमचे ठरले आहे. आणि गावातल्या जुन्या तंबूवाल्यांच्या घरी एखादे रीळ, एखादे भित्तिपत्रक, एखादे गाण्यांचे पुस्तक पडले असेल, तर ते रद्दीत जाण्याआधी विचारून येऊ. आपणही आपल्या गावात विचारून पाहा.