मामा

* मूळ जॉर्जियन पाठात इथे ‘मामा’ असाच शब्द आहे, पण त्याचा अर्थ बाप. आई म्हणजे ‘देदा’. अंतरपाटाशी नवरीच्या मागे उभा राहणारा मामा वाचकाच्या डोळ्यांपुढे आला, तर कथेतली सगळी नाती उलटीपालटी होतील. म्हणून भाषांतरात ‘वडील’ केले आहे. तिबिलिसीच्या टेकडीवर एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात वाइनचा वाडगा घेऊन उभी असलेली ‘कार्तलिस देदा’ (१९५८चा पुतळा) ही कार्तलीची, म्हणजे जॉर्जियाची, माता. चर्चमधल्या धर्मगुरूला हाक मारतात ती ‘मामाओ’! जॉर्जियन कार्तवेली कुळातली, मराठी इंडो-युरोपीय; तेव्हा इथे उसनवारी शोधण्यात अर्थ नाही. ओठ मिटून निघणारे म, प, ब तान्ह्याच्या तोंडी लवकर येतात आणि त्यांना नाते चिकटवतात ती घरातली मोठी माणसे, असे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांचे विवेचन आहे. स्वाहिलीत ‘मामा’ आईला चिकटला. तेलुगू ‘मामा’ मात्र वेगळ्या कुळातला असला तरी शेजारचा, त्यामुळे तिथे निव्वळ योगायोग म्हणून हात झटकता येत नाहीत. तो आईचा भाऊही असतो आणि सासराही; मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असल्यावर दोघे वेगळे कशाला? — संपा.