मालिकेतली नावं आणि नावांमागची माणसं

 

इतिहासाच्या व्याख्यानात टीव्ही मालिका कशाला, असा प्रश्न काहींना पडला असेल. पण मालिका कुठे उभी राहते? आपल्या नायगावात तिचे सेट लागतात. आणि तिथून काही किलोमीटरवर सोपाऱ्याचा स्तूप आहे. या दोन ठिकाणांमधलं अंतर आज मला मोजायचं आहे, आणि ते नावांच्या फूटपट्टीने मोजायचं आहे.

सुरुवात जरा लांबून करू. 2004 ते 2010 या काळात अमेरिकेत 'लॉस्ट' नावाची मालिका चालली. विमान कोसळतं आणि वाचलेली माणसं एका बेटावर अडकतात, अशी गोष्ट. त्यातल्या पात्रांची नावं पाहा: जॉन लॉक, रूसो, ह्यूम, फॅरडे, मिन्कोव्स्की. तत्त्वज्ञान आणि विज्ञानाच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच म्हणा ना!

आणि ही नुसती शोभेची नावं नाहीत. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणाला होता, माणसाचं मन जन्मतः कोऱ्या पाटीसारखं असतं. मालिकेच्या तिसऱ्या भागाचं नावच 'कोरी पाटी' या अर्थाचं, लॅटिनमधलं आहे. खऱ्या लॉकचा आश्रयदाता होता अँथनी अ‍ॅशली कूपर. मालिकेत लॉकला फसवणाऱ्या बापाचं नाव अँथनी कूपर. खऱ्या रूसोने आपली मुलं अनाथालयात सोडली, मालिकेतल्या रूसोबाईची मुलगी तिच्याकडून हिरावून नेली जाते. डेव्हिड ह्यूम हा कार्यकारणभावावर शंका घेणारा माणूस. एकामागून एक गोष्ट घडते एवढंच आपल्याला दिसतं, एकीमुळे दुसरी घडली हे दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. आता मालिकेतला डेस्मंड ह्यूम काय करतो? दर 108 मिनिटांनी एक बटण दाबतो. का, तर न दाबल्यास जगाचा नाश होईल असं त्याला सांगितलेलं असतं. खरंच होईल का? ते त्यालाही ठाऊक नाही! (हशा)

म्हणजे तिथे नाव ही खूण आहे. पण खूण ओळखायला प्रेक्षकाला मूळ माणूस माहीत हवा. नाहीतर लॉक म्हणजे नुसतं कुलूप.

आता कुणी म्हणेल, ही पाश्चात्त्यांची कल्पना. तसं नाही. अकराव्या शतकात कृष्णमिश्राने 'प्रबोधचंद्रोदय' नावाचं संस्कृत नाटक लिहिलं. त्यात विवेक, महामोह ही पात्रं आहेत, आणि चक्क चार्वाकही रंगमंचावर येतो. पण तो येतो महामोहाच्या गोटातून! नाटककाराला त्याचं मत खोडायचंच होतं. चार्वाकांचे स्वतःचे मूळ ग्रंथ आज हाती नाहीत. त्यांचं म्हणणं आपल्याला बरंचसं विरोधकांच्या लिखाणातूनच कळतं. तेव्हा पहिला धडा असा, की विचारवंताचं नाव पात्राला देणं म्हणजे त्याचा गौरवच असतो असं नाही. नाव कोण देतो, ते आधी बघायचं.

आता मराठी मालिकांकडे येऊ. 2018 मध्ये 'कलर्स मराठी'वर 'सुखाच्या सरींनी हे मन बावरे' सुरू झाली. तिच्या नायकाचं नाव सिद्धार्थ तत्त्ववादी. सिद्धार्थ म्हणजे साक्षात बुद्ध, आणि वर तत्त्ववादी! बेटावरच्या लॉकलाही हेवा वाटावा असं नाव. पण मालिका पाहताना आपल्यातल्या किती जणांना बुद्ध आठवला? नाही आठवला, आणि त्यात कुणाचा दोष नाही. सिद्धार्थ, गौतम, राहुल ही नावं आपल्या कानांना इतकी सवयीची झाली आहेत, की त्यांतली खूण पुसली गेली. गार्गीचंही तेच. बृहदारण्यक उपनिषदात ती याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारत जाते. शेवटी तो म्हणतो, आता पुरे, अति विचारशील तर डोकं गळून पडेल. आपण मुलीचं नाव हौसेने गार्गी ठेवतो, आणि तिने चौथा प्रश्न विचारला की 'गप्प बस' म्हणतो.

मग आपल्याकडे नावाची खूण कुणी कधी जाणीवपूर्वक वापरलीच नाही का? वापरली, आणि फार मोठ्या प्रमाणावर वापरली. पण ती मालिकेत नाही, आयुष्यात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या हजारो घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, नागसेन, सुजाता, संघमित्रा या नावांनी मुलं हाका ऐकू लागली. त्याआधीच्या पिढ्यांत कित्येकांची नावं इतरांनी हिणवण्यासाठी ठेवलेली असत. आता आईबाप स्वतः निवडून, इतिहासातून उचलून नाव ठेवत होते. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जे महाविद्यालय काढलं त्याचं नाव मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, प्रश्न विचारणारा. नागसेन भिक्खू, उत्तर देणारा. विद्यार्थ्याच्या वाट्याला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आलं, हे लक्षात घ्या.

आणि 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात त्या दोघांचा संवाद कुठून सुरू होतो? नावापासूनच! राजा विचारतो, आपलं नाव काय? भिक्खू सांगतो, मला नागसेन म्हणतात, पण ते हाक मारण्यापुरतं. त्या नावामागे न बदलणारा असा कुणी सापडणार नाही. राजा चक्रावतो. मग नागसेन त्याला त्याच्याच रथाचं उदाहरण देतो. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? नाही ना? सगळं जुळून आलं की आपण रथ म्हणतो, तसंच माणसाचं.

आता मनाशी एक मोजणी करा. राहुल आणि सिद्धार्थ नावाचे नायक तुम्ही किती मालिकांत पाहिले? आणि नागसेन नावाचा नायक किती? हा फरक आपोआप पडत नाही. पहिली दोन नावं सगळ्यांची झाली. नागसेन म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात वस्ती शोधतो. लेखक 'लॉक' लिहितो तेव्हा प्रेक्षकाने विचार ओळखावा ही अपेक्षा असते. आपल्याकडे नाव उच्चारलं की विचाराआधी जात ओळखली जाते. माझ्या मते आजच्या विषयाचं मर्म इथे आहे.

वसईकरांना हे वेगळं सांगायला नको. 1534 ते 1739 वसई पोर्तुगिजांकडे होती. त्या काळात बाप्तिस्म्याबरोबर आडनावंही आली. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा. हे मूळचे रॉड्रिगो, गोन्सालो कोण, ते इथल्या शेतकऱ्याला काय ठाऊक! पण चारशे वर्षांत लोकांनी ती नावं आपली केली. आज रॉड्रिग्ज म्हटलं की आपल्याला पोर्तुगाल आठवत नाही, समोरची वाडी आठवते. दिलेलं नावही माणूस आपल्या जगण्याने भरून काढतो.

आणि ज्यांची नावं कुणीच घेतली नाहीत असे विचारवंत? ते तर आपल्याच गावचे आहेत. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यालाच मिळाला. नवव्याचा मिळाला भुईगावला, 1956 साली. दीक्षेचंच वर्ष, योगायोग पाहा. त्या नवव्या लेखात अशोक म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मुलाच्या जन्मावेळी नाना विधी करतात. त्यापेक्षा नोकरचाकरांशी नीट वागणं आणि गुरुजनांचा मान राखणं हा खरा विधी. आमच्या मालिका लिहिणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. निम्मे भाग कमी होतील! (हशा)

याच सोपाऱ्याशी बौद्ध परंपरा दोन माणसं जोडते. एक पूर्ण. लोक तुला शिव्या देतील, मारतील, मग काय करशील, या बुद्धाच्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं देऊन धम्म सांगायला निघालेला. दुसरा बाहिय. झाडाच्या सालीचं वस्त्र नेसून इथल्या समुद्रकाठी राहणारा. लोक त्याला अर्हत मानत. आपण खरंच ते आहोत का, हा प्रश्न पडल्यावर तो थेट श्रावस्तीपर्यंत चालत गेला. पाहण्यात फक्त पाहणं असू दे, ऐकण्यात फक्त ऐकणं, एवढाच उपदेश त्याला मिळाला आणि तो पुरला. लोकांनी दिलेलं मोठेपण खरं आहे का, हे तपासायला उठणारा माणूस, तोही आपल्या किनाऱ्यावरचा! डेस्मंड ह्यूमपेक्षा हे पात्र कुठे कमी आहे?

नायगावच्या सेटवर आपल्या भागातली कितीतरी मुलं आज काम करतात. कुणी प्रकाशयोजना सांभाळतं, कुणी संवाद लिहितं. त्यांना एवढंच सांगतो: उद्या पात्राला नाव देण्याची वेळ तुमच्यावर आली, तर नायकाचं नाव नागसेन ठेवून बघा, वैज्ञानिक मुलीचं आडनाव रॉड्रिग्ज ठेवून बघा. आणि कुणी म्हणालं, 'हे नाव चालणार नाही,' तर गार्गीसारखं विचारा, का चालणार नाही? तिथून पुढचं उत्तर हाच आपल्या काळाचा इतिहास असेल.

 आता प्रश्न विचारा. मिलिंदाचं काम तुमच्याकडे.