बडोदे : औद्योगिक कामगार वसाहती

गुजरात राज्यातील बडोदे (वडोदरा) शहराच्या उत्तर व वायव्य बाजूंना खत, तेलशुद्धीकरण आणि खनिज तेलापासून रसायने बनवणारे कारखाने असून, त्यांनी आपल्या कामगारांसाठी व इतर कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र वसाहती उभारल्या. फर्टिलायझरनगर, जवाहरनगर आणि पेट्रोकेमिकल्स टाउनशिप या त्यांपैकी प्रमुख होत. मुंबईतील चाळी गिरण्यांभोवती दाटीने वाढल्या, तर बडोद्यातील या वसाहती 1960 नंतर मोकळ्या जमिनीवर, कारखान्याच्या आराखड्याचाच एक भाग म्हणून आखल्या गेल्या.

पूर्वपीठिका : तिसरे सयाजीराव गायकवाड (कार. 1875–1939) यांच्या काळात संस्थानाच्या भांडवलावर सूतगिरणी निघाली, 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणसंस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्यासह 1907 मध्ये अलेम्बिक या रसायन-उद्योगाचा पाया घातला. तथापि गिरण्या मोजक्याच असल्याने मुंबईच्या गिरणगावासारखा सलग पट्टा येथे तयार झाला नाही. जुन्या शहरातील वस्ती मुख्यतः वाड्यांची आणि पोळींची होती. पोळ म्हणजे एकाच दरवाजातून आत जाणारी, दोन्ही बाजूंस सामाईक भिंतींची अरुंद व खोल घरे असलेली गल्ली. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांचा बडोद्याच्या विकासाविषयीचा अहवाल 1916 मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट पाडापाड करण्याऐवजी जुन्या वस्तीतच हवा, उजेड आणि मोकळी जागा निर्माण करावी, अशी त्यांची भूमिका होती. मुंबईत मात्र सरकारने 1920 मध्ये स्थापन केलेल्या विकास विभागाने (बीडीडी) वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे 207 बीडीडी चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक इमारतीत सुमारे 160 चौ. फुटांच्या 80 खोल्या आणि मजल्यावर सामाईक संडास, असा त्यांचा ठरीव साचा होता.

उदय : बडोदे संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1960 मध्ये गुजरात राज्य अस्तित्वात आले. त्याच सुमारास अंकलेश्वर येथे खनिज तेल सापडल्याने शहराचे औद्योगिक स्वरूप पालटले. सोव्हिएत साहाय्याने उभारलेली कोयली येथील तेलशुद्धीकरणशाळा 1965 मध्ये कार्यान्वित झाली. गुजरात स्टेट फर्टिलायझर कंपनीची (जीएसएफसी) स्थापना 1962 मध्ये, तर इंडियन पेट्रोकेमिकल्सची (आयपीसीएल) 1969 मध्ये झाली. हे कारखाने अहोरात्र पाळ्यांत चालत असल्याने, बिघाड होताच यंत्रज्ञ व पर्यवेक्षक तातडीने हजर होतील इतक्या अंतरावर त्यांची वस्ती असणे आवश्यक होते. शिवाय निवडलेल्या जागा शहराच्या पाणीपुरवठा व गटारव्यवस्थेबाहेर होत्या आणि प्रशिक्षित मनुष्यबळ निरनिराळ्या प्रांतांतून आणावे लागत होते. त्यामुळे घरांबरोबर शाळा, दवाखाना व बाजार यांची सोयही कारखान्यांनाच करावी लागली.

वास्तुरचना : वास्तुदृष्ट्या जीएसएफसीची वसाहत फर्टिलायझरनगर विशेष उल्लेखनीय आहे. त्याचा आराखडा 1960 च्या दशकात बाळकृष्ण दोशी (1927–2023) यांनी तयार केला. पुण्यात जन्मलेल्या दोशींनी पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात काम केले होते, आणि 2018 मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. गिलावा न केलेली वीट व उघडे काँक्रीट हे येथील प्रमुख बांधकाम-साहित्य असून, एकमेकांना जोडलेल्या कमी उंचीच्या घरांच्या ओळी आणि त्यांमधील मोकळ्या जागा यांतून वस्तीला आकार मिळतो. उन्हाळ्यात पारा 40 अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या या प्रदेशात सामाईक भिंतींमुळे घराचा उन्हाला सामोरा जाणारा भाग कमी होतो. पोळीतील घरांनाही हाच लाभ मिळत आला होता. पायी चालणाऱ्यांचे मार्ग वाहनांच्या रस्त्यांपासून वेगळे ठेवणे आणि शाळा, दुकाने यांसारख्या सोयी त्या मार्गांना जोडणे, ही दोशींच्या त्या काळातील औद्योगिक वसाहतींमागची एक प्रमुख कल्पना होती.

वास्तव्याचे स्वरूप : अशा वसाहतींत घर, म्हणजे क्वार्टर, पदानुसार मिळते, त्याचे क्षेत्रफळ व खोल्यांची संख्या वेतनश्रेणीवर ठरते आणि निवृत्तीनंतर ते सोडावे लागते. मुंबईच्या चाळीत खोलीचा भाडेहक्क घरातच राहिल्याने एकाच खोलीत दोन-तीन पिढ्या वाढल्या आणि त्यातून गणेशोत्सव मंडळे, भजनी मंडळे व कामगार संघटना यांचे शेजारावर आधारलेले जीवन घडले. बडोद्याच्या वसाहतींत स्वतंत्र संडास, नळ व अंगण मिळूनही वास्तव्य नोकरीच्या मुदतीपुरतेच राहिले, आणि निवृत्तांना कायमच्या घरासाठी शहरातील सहकारी सोसायट्यांकडे किंवा आपापल्या मूळ गावांकडे वळावे लागले. ठेकेदारामार्फत नेमलेल्या मजुरांना सामान्यतः क्वार्टर मिळत नाही. त्यांचा निवारा वसाहतीच्या भिंतीबाहेर, भाड्याच्या खोल्यांत असतो. आयपीसीएलचे नियंत्रण 2002 च्या निर्गुंतवणुकीनंतर खाजगी उद्योगसमूहाकडे गेले आणि 2007 मध्ये ती कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. मालकीतील असे बदल आणि कायम नोकऱ्यांतील घट यांचा अशा वसाहतींवर थेट परिणाम होतो, कारण येथे घराचा हक्क रहिवाशाकडे नसून त्याच्या पदाकडे असतो.