कॉन्फिडेन्शियल : नियतकालिक व कादंबरी

कॉन्फिडेन्शियल : चित्रपटतारे व अन्य नामांकित व्यक्ती यांच्या खाजगी जीवनातील प्रकरणे नावांनिशी छापणारे अमेरिकन नियतकालिक (१९५२–७८). त्याच्या परिसरावर जेम्स एलरॉय (१९४८– ) या कादंबरीकाराने रचलेल्या रहस्यकथांमुळे ते आज मुख्यत्वे स्मरणात आहे.

हे नियतकालिक रॉबर्ट हॅरिसन या प्रकाशकाने डिसेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केले. तत्पूर्वी तो अल्पवस्त्रा तरुणींची छायाचित्रे छापणारी मासिके काढीत असे. संघटित गुन्हेगारीसंबंधी सिनेटर कीफॉव्हर यांच्या समितीपुढील साक्षी १९५०-५१ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आल्या. त्या पाहण्यासाठी उसळलेली गर्दी पाहून आपणास ही कल्पना सुचली, असे हॅरिसन सांगे. १९५५ च्या सुमारास कॉन्फिडेन्शियलचा खप ४० लाखांच्या घरात गेला. तोवर हॉलिवुडच्या वार्ता लूएला पार्सन्झ आणि हेडा हॉपर यांसारख्या सदरलेखिकांच्या हाती असत व त्यांचे चित्रपटनिर्मितिसंस्थांशी देवघेवीचे संबंध होते. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या संस्थांना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली, दूरचित्रवाणीने प्रेक्षक ओढून घेतले आणि संस्थांचा ताऱ्यांवरील व वार्तांवरील ताबा सैल पडला. हॅरिसनने नेमका याच काळात बाजारात प्रवेश केला.

त्याची भाची मार्जरी मीड व तिचा पती फ्रेड मीड हे लॉस अँजेल्समध्ये ‘हॉलिवुड रिसर्च’ नावाची संस्था चालवीत. मोलकरणी, मद्यालयातील नोकर, वेश्या, घटस्फोटित पती-पत्नी यांच्याकडून माहिती विकत घेणे, तिच्या पुष्ट्यर्थ शपथपत्रे मिळविणे आणि खाजगी हेरांकरवी तिची शहानिशा करणे हे या संस्थेचे काम. या हेरांपैकी फ्रेड ओटॅश हा पूर्वाश्रमीचा पोलीस होता. मजकूर वकिलांच्या नजरेखालून जाई व बरेचसे सूचकतेवर सोडलेले असे. रोरी कॅलहून या नटाचा पूर्वायुष्यातील कारावास १९५५ मध्ये छापण्यात आला, तो रॉक हडसनच्या समलिंगी जीवनाविषयी मौन पाळण्याच्या मोबदल्यात, असे पुढे सांगण्यात येऊ लागले. ही कथा संपूर्णपणे सिद्ध झालेली नाही. परंतु तीत या व्यवसायाचे मर्म आढळते. छापलेल्या मजकुराचे मोल एका अंकापुरते. हाती असूनही न छापलेल्या मजकुराचे मोल मात्र त्या व्यक्तीची कीर्ती टिकेल तोवर.

मे १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात बदनामीकारक व अश्लील मजकूर प्रसिद्ध करण्याच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला. हॅरिसन न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित राहिला व मीड दांपत्यास ऑगस्टपासून न्यायालयात उभे राहावे लागले. चित्रगृहातील अंधारात एका प्रियकराबरोबर आपण असभ्य वर्तन केल्याचा मजकूर छापून आला त्या सुमारास आपण स्पेनमध्ये होतो, हे मॉरीन ओहारा या अभिनेत्रीने पारपत्र दाखवून सांगितले. ज्यूरीने ते चित्रगृह जाऊन पाहिलेही. वृत्तपत्रांनी याच प्रसंगाला अधिक जागा दिली. त्याहून महत्त्वाची साक्ष डॉरथी डँड्रिज या कृष्णवर्णीय अभिनेत्री-गायिकेची होती. लेक टाहो येथे १९५० मध्ये एका गोऱ्या वाद्यवृंदप्रमुखासमवेत तिने वनात विहार केल्याचे कॉन्फिडेन्शियलने छापले होते. तिने सांगितले, की त्या काळी तेथे वर्णभेद इतका कडक होता, की गाण्याचा कार्यक्रम सोडता तिला हॉटेलमधील आपल्या खोलीतच राहावे लागे. गोऱ्या पुरुषाबरोबर उघड्यावर हिंडणे तिला शक्यच नव्हते. आपल्यावरील निर्बंध हाच आपल्या निर्दोषतेचा पुरावा म्हणून तिला भर न्यायालयात मांडावा लागला. तिच्या स्वतंत्र दाव्यात १०,००० डॉलरची तडजोड आधीच झाली होती. १ ऑक्टोबर १९५७ रोजी ज्यूरीचे एकमत न झाल्याने खटला निष्फळ ठरला. पुनश्च खटला टाळण्यासाठी हॅरिसनने ताऱ्यांची खाजगी प्रकरणे न छापण्याचे मान्य केले आणि १९५८ मध्ये नियतकालिक विकून टाकले. त्यानंतर ते २० वर्षे नावापुरते चालले.

एलरॉयच्या एल. ए. कॉन्फिडेन्शियल (१९९०) या कादंबरीत हे नियतकालिक ‘हश-हश’ या नावाने अवतरते. सिड हजन्स हा त्याचा सूत्रधार. जॅक व्हिन्सेन्स हा पोलीस अधिकारी ताऱ्यांना अमली पदार्थांसह पकडतो, हजन्स त्याची छायाचित्रे छापतो आणि दोघांचेही भागते. आपल्या हातून पूर्वी निरपराध्यांची हत्या झाली हे हजन्सला ठाऊक असावे, या धास्तीने व्हिन्सेन्स ग्रासलेला आहे. हजन्सचा खून झाल्यावर त्याच्या गुप्त टिपणांचा शोध कथेला वेग देतो. कर्टिस हॅन्सन दिग्दर्शित चित्रपटास (१९९७) दोन ऑस्कर पारितोषिके लाभली. मात्र त्यात मूळ कथानकाची बरीच काटछाट झाली आहे.

वाइडस्प्रेड पॅनिक (२०२१) या कादंबरीत मुखवटा उरत नाही. नियतकालिकाचे नाव कॉन्फिडेन्शियलच आहे आणि निवेदक आहे १९९२ मध्ये मरण पावलेला ओटॅश. मरणोत्तर पापक्षालनाच्या कारागृहातून तो आपली कर्मे कबूल करतो. निवेदनाची भाषा त्या नियतकालिकाच्याच अनुप्रासप्रचुर, चावट शैलीत आहे. ती काही पृष्ठे मोह घालते, पुढे कानठळ्या बसविते; पण वाचकालाही त्या गलिच्छ कुतूहलाचा भागीदार करून घेण्याचे काम ती अचूक साधते.

या कादंबऱ्यांकडे इतिहास म्हणून पाहणे मात्र धोक्याचे आहे. अमेरिकन कायद्यानुसार मृत व्यक्तीच्या बदनामीबद्दल दावा लावता येत नाही. या सवलतीमुळे एलरॉय जेम्स डीन प्रभृतींना नावांनिशी कथानकात ओढू शकतो. ज्या अफवांवर १९५७ मध्ये उलटतपासणी होऊ शकली, त्या कादंबरीत गृहीत सत्य होऊन येतात. हॅरिसनने निदान शपथपत्रे गोळा केली होती, असे उपहासाने म्हणावेसे वाटते. डँड्रिज १९६५ मध्ये निवर्तली. तिचे म्हणणे खटल्याच्या कामकाजाच्या वृत्तांतांत नोंदले गेले आहे. ओटॅशला पुन्हा निवेदक करून, मेरिलिन मन्रोच्या १९६२ मधील मृत्यूभोवती गुंफलेली द एन्चँटर्स ही एलरॉयची कादंबरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली.