चार पदरी वस्त्र आणि पटकीचा जंतू

पाणी गाळून पिण्याचा संस्कार जैन घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामागील प्रेरणा अहिंसेची. पाण्यातील त्रस जीवांचा घात होऊ नये ही. तथापि वस्त्राच्या साध्या घडीने माणसाचेही प्राण वाचतात, हे प्रयोगाने सिद्ध होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. तो इतिहास मनन करण्याजोगा आहे.

बंगालच्या त्रिभुज प्रदेशातून १८१७ साली पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ निघाली आणि देशोदेशी पसरली. डिसेंबर १८८३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ डॉ. रॉबर्ट कॉख तिचा शोध घेत कलकत्त्यास आले. रुग्णांच्या आतड्यांत त्यांना स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू आढळला. पुढे १८८४ च्या आरंभी तोच जंतू एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. त्या तळ्याच्या काठच्या वस्तीत पटकी पसरली होती. रुग्णांचे कपडे तेथेच धुतले जात आणि पिण्यासही तेच पाणी नेले जाई.

परंतु एक कोडे उरले. साथ ओसरल्यावर हा जंतू राहतो कोठे? त्याचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन शास्त्रज्ञ डॉ. रीटा कोलवेल, डॉ. अन्वर हक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. नद्या, खाड्या व तळी हेच त्याचे घर होय. तेथे तो इतर असंख्य जीवाणूंसमवेत नांदतो आणि कोपेपॉड नावाच्या अतिसूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून राहतो. अशा एकाच जीवावर हजारो जंतू असू शकतात.

येथेच वस्त्राचे महत्त्व ध्यानी येते. पटकीचा जंतू मिलीमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढा. सुटा असेल तर कोणत्याही कापडातून सहज निसटतो. मात्र वापरून, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे धागे पिंजारतात व छिद्रे आक्रसतात. तिची किमान चार पदरी घडी केली की छिद्र मिलीमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे उरते. त्यात कोपेपॉड अडकतात आणि त्यांना चिकटलेले जंतूही. नव्यापेक्षा जुने कापड येथे अधिक उपयोगी ठरते, हे विशेष.

बांगलादेशातील मतलब भागात ६५ गावांतील सुमारे १ लाख ३३ हजार लोकांमध्ये तीन वर्षे हा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले होते. खर्च जवळपास शून्य! गाळणे धुऊन उन्हात वाळविले की पुन्हा तयार.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. धोका निम्म्यावर आला, संपला नाही. म्हणून गाळलेले पाणी उकळणे किंवा निर्जंतुक करणे इष्टच. शिवाय काही वर्षांनी त्याच भागात पाहणी झाली, तेव्हा सुमारे ३१ टक्के स्त्रियाच पाणी गाळत असल्याचे दिसले. प्रयोग संपला, तशी अनेक घरांतील सवयही सुटली.

विज्ञान कारण सांगते. आचरण मात्र घराने जपावे लागते. माठावरचे गाळणे स्वच्छ, जाड आणि नित्य वापरात असणे, हे त्या दृष्टीने लहान काम नव्हे.