अनुशेष भरताना : प्रस्तावना

अपंगांच्या रोजगाराचा अभ्यास करतो म्हटले की समोरचा विचारतो, ‘म्हणजे समाजकार्य ना?’ समाजकार्य आहेच. पण या विषयात शिरलेल्याला काही दिवसांतच आरक्षणाचे गणित, जिन्याची उंची, बसची पायरी आणि संगणकातला फाँट अशा चार दिशांना धावावे लागते. नव्या वाचकाची ही धावपळ थोडी कमी व्हावी म्हणून वेगवेगळ्या लेखकांच्या लेखांचे हे पुस्तक. (काही लेखक ‘अपंग’ लिहितात, काही ‘दिव्यांग’. त्यात मी ढवळाढवळ केलेली नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.)

महाराष्ट्रात या विषयाचे एक मूळ पहिल्या महायुद्धात सापडते. जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आज पुण्याजवळ खडकीला आहे. पुढे आनंदवनात बाबा आमट्यांनी कुष्ठमुक्तांच्या हाती शेती आणि हातमाग दिले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या संस्थेने सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योग उभा केला. ही कामे मोठीच, पण ती वेगळ्या आवारात झाली. नेहमीच्या कचेरीत, इतरांच्या शेजारच्या टेबलाशी अपंग माणूस बसायचा तर काय काय बदलावे लागते, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.

अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. २०१६च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. खरी मेख मात्र टक्क्यांत नसून ‘सुनिश्चित पद’ या दोन शब्दांत आहे. कोणते पद कोणाला झेपेल याची यादी आधी करायची. मग कित्येक खाती ३ टक्के मोजत ते या यादीतल्या पदांवरच. यादी आखूड, म्हणून जागाही मोजक्या. आरक्षण संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर मोजा, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी बजावले, तोवर अठरा वर्षे उलटली होती. न भरलेल्या जागांना कचेरीच्या भाषेत ‘अनुशेष’ म्हणतात. जणू तो कुणी ठेवला नाही, आपोआपच साचला.

यादी करणारे माणसाला तपासतात, कामाला तपासत नाहीत. एके काळी अंध उमेदवाराची ठरलेली नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. स्वयंचलित एक्स्चेंज आले आणि ती आटली. पुढे संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचू लागला आणि हिशेबापासून प्रोग्रॅमिंगपर्यंतची कामे त्याच माणसाच्या आवाक्यात आली. मात्र मराठी वाचून घ्यायचे तर मजकूर युनिकोडमध्ये हवा. राखीव जागांची जाहिरात स्कॅन करून, तिचे चित्र संकेतस्थळावर टाकले, की ज्याच्यासाठी जागा राखली त्यालाच ती वाचता येत नाही. जाहिरात युनिकोडमध्ये टाकण्याचे काम पाच मिनिटांचे आहे, त्याला निधी लागत नाही, आणि तरीही ते होत नाही. या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता लेख याच रखडण्यावर आहे.

खासगी क्षेत्राबद्दल थोडक्यात सांगायचे तर तिथे सक्ती नाही. मनुष्यबळात निदान ५ टक्के अपंग असावेत म्हणून मालकांना उत्तेजन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो, तेही सरकारच्या आर्थिक ऐपतीत बसेल तेवढे. सरकारी परीक्षांच्या बाबतीत न्यायालये मात्र पुढे गेली आहेत. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्याची अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितले. हाताला पेटके येणारा हा उमेदवार लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसत होता.

विद्यार्थ्यांना एक विनंती. आरक्षणावरचे तिसरे प्रकरण वाचण्याआधी आपल्या तालुक्यातल्या एखाद्या कचेरीची अपंगांसाठीची शंभर बिंदूंची नामावली (कोणत्या क्रमांकाची जागा अपंगांसाठी, हे दाखवणारी यादी) माहिती अधिकारात मागवा. किती बिंदू भरले, किती रिकामे, ते स्वतः मोजा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.