चावीआधीचे बटण : जुन्या ट्रकच्या स्टार्टरचा इतिहास

जुन्या अमेरिकी ट्रकमध्ये चावीविना चालणारे स्टार्ट बटण बसवणे हे आज तिथल्या गॅरेजांमधले रुळलेले काम असून, त्यासाठी लागणारा संच, म्हणजे एक नियंत्रक पेटी, एक बटण, खिशात ठेवायचे रिमोट आणि तारांचा जुडगा, सुट्या भागांच्या बाजारात तयार मिळतो. या फेरफाराकडे आधुनिकीकरण म्हणून पाहिले जाते. पण चावी फिरवून इंजिन सुरू करण्याची पद्धत ट्रकमध्ये आली त्याच्या बऱ्याच आधी बटण दाबून ते सुरू करण्याची पद्धत आलेली होती. इंजिन फिरवणे, ठिणगीसाठी वीज पुरवणे आणि वाहन परक्याच्या हाती लागू न देणे ही तीन कामे मुळात तीन वेगळ्या साधनांकडे होती, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती एका चावीत एकवटली आणि शतक संपता संपता पुन्हा विलग झाली. जुन्या ट्रकमध्ये नवे बटण बसवताना ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एकवटण्याच्या इतिहासात आहे.

पहिल्या पिढीतील मोटारी आणि ट्रक हँडल मारून सुरू होत. हँडल म्हणजे इंजिनाच्या मुख्य दंडाच्या, अर्थात क्रँकशाफ्टच्या, पुढच्या टोकाला अडकवायचा वाकवलेला लोखंडी गज. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट्या दिशेने झटका देई आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट किंवा हाताचे हाड मोडे, म्हणून स्टिअरिंगजवळच्या लहान दांडीने ठिणगीची वेळ मागे घेऊन मगच हँडलला हात लावायचा असे. बायरन कार्टर हा मोटार-उत्पादक अशाच एका झटक्याने जखमी होऊन मरण पावला आणि त्या दुःखातून कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी विजेवर चालणाऱ्या स्टार्टरचा ध्यास घेतला, अशी कथा मोटारीच्या बहुतेक इतिहासांत येते. कार्टर 1908 मध्ये वारला आणि कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला तो 1912 च्या मॉडेलपासून, त्यामुळे सगळे श्रेय एका अपघाताला देणारी ही कथा जपूनच वाचावी लागते.

हा स्टार्टर घडवणारे चार्ल्स केटरिंग हे ओहायोतील डेटन येथे गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत काम केलेले अभियंते होते. गल्ल्याचा खण उघडणारी मोटर काही क्षणच चालायची असल्याने ती लहान असूनही तेवढ्या वेळापुरता मोठा भार पेलू शकते, हे त्यांनी तिथे अनुभवले होते. इंजिन फिरवण्यासाठी मोटारीइतकीच अवजड विद्युत मोटर लागेल हा तेव्हाच्या जाणकारांचा आक्षेप या एका निरीक्षणाने निकालात निघाला, कारण स्टार्टरलाही काही सेकंदच राबायचे असते. संकुचित हवा, स्प्रिंग आणि ॲसिटिलीन वायू यांवरचे पर्याय याच काळात आजमावले गेले होते, पण ते टिकले नाहीत.

ट्रकपर्यंत ही सोय सावकाश पोहोचली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला विजेचा स्टार्टर मिळू लागला तो 1919 मध्ये, आणि त्यानंतरही हँडलचे भोक गाड्यांच्या पुढच्या भागात वर्षानुवर्षे राखले गेले, कारण बॅटरी उतरली की शेवटचा भरवसा त्याचाच असे. मालवाहू वाहन हे कमाईचे साधन असल्यामुळे त्यात चालकाच्या आरामावर खर्च करण्यास मालक नाखूश असत, हेही या संथपणाचे एक कारण मानता येते.

स्टार्टर आल्यावर तो चालू कशाने करायचा हा प्रश्न उभा राहिला. स्टार्टर मोटरला लागणारा प्रवाह शंभर अँपिअरच्याही वर जातो आणि एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या नाजूक स्विचमधून नेता येत नाही. त्यामुळे अनेक ट्रकमध्ये स्टार्टरचे पेडल थेट फळीवर, पायाशी असे. ते दाबले की एक तरफ पिनियन नावाचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या कड्यात सरकवी आणि त्याच हालचालीत जाड संपर्कपट्ट्या जुळवून मोटर चालू करी. शेव्हरोलेच्या ट्रकमध्ये हे पायाचे पेडल 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकून होते. दुसरा मार्ग सोलेनॉइडचा होता. सोलेनॉइड म्हणजे तारेच्या वेटोळ्यात सरकणारा लोखंडी दट्ट्या. वेटोळ्यातून थोडा प्रवाह गेला की दट्ट्या ओढला जातो आणि मोठ्या प्रवाहाची वाट मोकळी करतो. सोलेनॉइडमुळे पायाखालचे पेडल जाऊन डॅशबोर्डवर बोटाने दाबायचे बटण येऊ शकले, आणि 1948 मध्ये आलेल्या फोर्डच्या एफ मालिकेतील ट्रक अशाच बटणावर सुरू होत.

या काळात चावीचे काम फक्त ठिणगीच्या मंडलाला वीज देणे किंवा तोडणे एवढेच होते. शेव्हरोलेच्या ट्रकमध्ये चावी न लावता पेडल दाबले तरी इंजिन फिरे, मात्र ठिणगी नसल्याने पेट घेत नसे. ट्रक रेल्वेच्या फाटकात बंद पडला तर गिअर टाकून केवळ स्टार्टरच्या जोरावर तो रुळांवरून पलीकडे सरकवण्याची युक्ती चालकांना ठाऊक असे. चोरीपासून संरक्षणाच्या बाबतीत मात्र ही चावी जवळजवळ निरुपयोगी होती. मॉडेल टीच्या चाव्यांचे नमुने 51 ते 74 या क्रमांकांत, म्हणजे अवघे चोवीस असल्याने, एका गाडीची चावी कुठल्यातरी दुसऱ्या गाडीला लागणारच होती.

क्रायसलरने 1949 मध्ये चावी पुढे फिरवून स्टार्टर चालू करण्याची पद्धत आणली आणि पुढच्या सात-आठ वर्षांत ती इतरांनीही स्वीकारली. चावीकडे तिसरे काम सोपवले गेले ते मोटार-चोरी वाढल्यानंतर. जनरल मोटर्सने 1969 च्या मोटारींत इग्निशनचा स्विच डॅशबोर्डवरून स्टिअरिंगच्या नळीवर नेला, आणि चावी काढताच स्टिअरिंग जाम होईल अशी कडी त्याला जोडली. चावी काढल्यावर गाडी चालवता येऊ नये ही अट अमेरिकेच्या संघीय मानक क्रमांक 114 ने 1970 पासून मोटारींना लागू केली. शेव्हरोलेच्या सी-के मालिकेतील ट्रकमध्ये चावी 1972 च्या मॉडेलपर्यंत डॅशबोर्डवरच राहिली आणि 1973 च्या नव्या रचनेत ती स्टिअरिंगच्या नळीवर गेली.

फेरफार करणाऱ्याच्या दृष्टीने ही सीमारेषा फार महत्त्वाची आहे. स्टिअरिंगला कुलूप नसलेल्या ट्रकमध्ये चावीचा स्विच हा निव्वळ विजेचा सुटा भाग असल्याने त्याच्या तारा काढून नव्या नियंत्रक पेटीला जोडल्या की काम भागते. कुलूप असलेल्या ट्रकमध्ये मात्र चावी काढून टाकायची तर कुलपाची यांत्रिक कडी निकामी करावी लागते किंवा चावी कायमची नळीत अडकवून ठेवावी लागते. पहिल्या उपायाने कायद्याने आलेले एक संरक्षण जाते आणि दुसऱ्याने चोराची सोय होते. त्यामुळे 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धातील ट्रकला बटण बसवणे 1980 च्या ट्रकपेक्षा सोपे, असा उलटा अनुभव येतो. अर्थात फार जुन्या ट्रकची अडचण वेगळी आहे. फोर्डच्या गाड्या 1955 पर्यंत 6 व्होल्टवर चालत आणि त्यांच्या बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, तर आजचे संच 12 व्होल्टचे आणि ऋण टोक सांगाड्याला जोडलेले गृहीत धरतात, म्हणून आधी ट्रकची सगळी विद्युतरचना बदलणे भाग पडते.

किल्लीविरहित पद्धतीत ओळख पटवण्याचे काम रेडिओलहरींकडे गेले. त्याआधीची पायरी म्हणजे 1986 च्या कॉर्व्हेट मोटारीत चावीत रोधक बसवून त्याचे पंधरांपैकी ठरलेले एक मूल्य जुळल्याखेरीज इंजिन सुरू न होण्याची योजना होती. त्यानंतर चावीत लपवलेली रेडिओ चिप आली, आणि 1998 च्या मर्सिडीज एस-क्लासबरोबर खिशातली ओळखपट्टी बाहेर न काढता बटण दाबण्याची सोय. केबिनमधील अँटेना कमी वारंवारतेचा संकेत पाठवते, रिमोट त्याला सांकेतिक उत्तर देतो आणि ते पटले तरच पेटी बटणाचे ऐकते. हे उत्तर दुरून वाहून आणता येते, हे झ्यूरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये दहा मोटारींवर दाखवून दिले, तेव्हा चोवीस नमुन्यांच्या चावीचा जुना दोष नव्या रूपात परतला असे म्हणण्यास जागा आहे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध अमेरिकी ट्रकच्या मार्गानेच आला. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शेव्हरोलेची जुळणी सुरू केली आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून 1947 पासून क्रायसलरच्या परवान्याखाली डॉज व फार्गो ट्रक निघू लागले. पुढे डिझेल ट्रकांनी रस्ते व्यापले, आणि डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेने पेटत असल्याने तिथे ठिणगीच नसते. जुन्या डिझेल ट्रकची चावी बंद केली तरी इंजिन चालूच राही. ते थांबवण्यासाठी इंधनपंपाची दोरी ओढावी लागे. अशा ट्रकला बटण बसवायचे तर पंपाचे इंधन तोडणारी विजेची झडपही जोडावी लागते, अन्यथा ते बटण गाडी सुरू करील, पण बंद करणार नाही.

या फेरफारातील सर्वांत दुर्लक्षित बाब गिअरची आहे. पायाच्या पेडलच्या काळात उजवा पाय स्टार्टरवर आणि डावा क्लचवर ठेवूनच बसावे लागे, त्यामुळे चालक आपोआप सावध असे. बाजारातले बहुतेक संच ब्रेक दाबला आहे एवढेच तपासतात, आणि जुन्या ट्रकमध्ये गिअर न्यूट्रलला आहे की नाही हे सांगणारा स्विच मुळातच नसतो. गाडी गिअरमध्ये उभी ठेवून बटण दाबले, किंवा दुरून सुरू करण्याची जोडसोय वापरली, तर ट्रक जागेवरून उडी घेतो. म्हणून क्लचच्या पेडलवर किंवा गिअरबॉक्सवर असा स्विच बसवून तो बटणाच्या मंडलात घेतला नसेल, तर तो ट्रक मालकाने ताब्यात घेऊ नये.